न दुखणारा डाग
(कुष्ठरोग निवारण दिनानिमित्त आंधळगाव, ता. मोहाडी, जि. भंडारा येथे केलेले भाषण)



आपले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. विणकराचे सगळे भांडवल म्हणजे त्याची बोटे. कुष्ठरोग आधी त्या बोटांतील संवेदनाच नेतो. चटका बसला तरी कळत नाही, जखम चिघळते, पुढे बोटे वाकतात.

घरोघरी तपासणी करताना एका वस्तीत एक काकू मला म्हणाल्या, "दुखत नाही, खाजत नाही, मंग दवाखान्यात कायले जाऊ?" मी म्हटले, "काकू, दुखत नाही म्हणूनच जायचं." फिकट किंवा लालसर डाग आणि त्यावर स्पर्श कळत नाही, हीच या रोगाची मुख्य खूण आहे.

हा शाप नाही आणि पापाचे फळही नाही. 1873 साली नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी याचा जंतू शोधला. जंतू अतिशय सावकाश वाढतो. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात. म्हणून रोगी स्वतः येईल म्हणून वाट पाहून चालत नाही. आशाताई आणि एक पुरुष कार्यकर्ता अशी जोडी घरी येते, ती याचसाठी. बायांची तपासणी ताई करतात, पुरुषांची भाऊ करतात. लहान मुलात रोग सापडला, तर जवळपास कोणीतरी विनाउपचार आहे असे समजून घरच्यांची आणि शेजाऱ्यांची तपासणी होते.

2005 च्या अखेरीस देशात दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले. तेव्हा अनेकांना वाटले, रोग संपला. पण विदर्भात आजही नवे रुग्ण सापडतात. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. सहा किंवा बारा महिने गोळ्या नियमित घेतल्या की रोग बरा होतो, आणि उपचार सुरू होताच संसर्गाची भीती लवकरच जाते. मात्र वाकलेली बोटे गोळ्यांनी सरळ होत नाहीत. म्हणून उशीर नको.

लोक डाग लपवतात ते मुलीचे लग्न मोडेल, काम सुटेल या भीतीने. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण 2019 मध्ये कायद्यातून काढले गेले. आता ते आपल्या मनातूनही निघाले पाहिजे.

येशूने कुष्ठरोग्याला बरे करताना हात पुढे करून त्याला स्पर्श केला. लोक ज्याच्यापासून दूर पळत होते, त्याला त्याने आधी जवळ केले. आपल्यालाही तेच करायचे आहे.

तीन गोष्टी करा. तपासणीला कोणी आले तर दार उघडा आणि पाठही दाखवा, कारण तिथला डाग आपल्याला दिसत नाही. गोळ्या सुरू असलेल्या शेजाऱ्याची दर महिन्याला चौकशी करा. आणि बरा झालेला माणूस मंडळीत आला की त्याच्या शेजारी बसा.

प्रभू आपल्याला ही सेवा करण्यास बळ देवो. आमेन.