टोपलीलाही मत हवे



समुद्र राखायचा म्हटले की चर्चा होते बोटीची आणि जाळ्याची. टोपली कुणाला आठवत नाही.

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवले. पण पापलेटचे पिल्लू बंदरावर आले की ओळखते कोण? मासळी निवडणारी, विकणारी बाई. पावसाळी बंदीत सुके बोंबील, जवळा विकून घर चालवते तीच. तरी जाळ्याचा आस किती असावा, हे ठरवणाऱ्या बैठकांत मला पुरुषच दिसतात.

एकटीने पिल्ले नाकारली, तर तिचाच दिवस बुडतो. शेजारीण ती उचलते. म्हणून नकार सगळ्यांनी मिळून द्यायला हवा, आणि सोसायटीत सभासदत्वही मागायला हवे. उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून!