शोधयंत्रे आणि दुव्यांची साक्ष

सोयरीक जुळविताना मुलाकडील मंडळी स्वतःच्या घराण्याविषयी काय सांगतात, एवढ्यावरच मुलीचा बाप विसंबून राहत नाही. तो चार ठिकाणी चौकशी करतो. शेजारी काय म्हणतात, भावकीचे मत काय आहे, शाळेतील गुरुजींचा अनुभव कसा आहे, हे तो पाहतो; आणि सांगणाऱ्याचा स्वतःचा लौकिक कितपत आहे, हेही मनाशी तोलतो. जो उठल्यासुटल्या सर्वांचीच तोंड भरून स्तुती करतो, त्याच्या शब्दाला तो फारशी किंमत देत नाही. शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांना हा व्यवहार नवा नाही. महाजालावरील असंख्य पानांतून कोणते पान वाचकापुढे प्रथम ठेवावे, हा प्रश्न जेव्हा शोधयंत्रांपुढे उभा राहिला, तेव्हा त्याचे उत्तर बहुतांशी याच रीतीने शोधले गेले.

आरंभीची शोधयंत्रे मुख्यतः पानावरील शब्द मोजीत. वाचकाने 'विहीर' हा शब्द दिला, तर ज्या पानावर तो शब्द अधिक वेळा आला असेल ते पान वर, असा साधारण हिशेब असे. साहजिकच काही संकेतस्थळांच्या मालकांनी एकच शब्द शेकडो वेळा, तोही पार्श्वभूमीच्याच रंगात, वाचकाला दिसू नये पण यंत्राला दिसावा अशा रीतीने लिहून ठेवण्यास प्रारंभ केला. स्वतःची स्तुती स्वतःच करण्याचाच तो प्रकार होता. या पद्धतीची दुर्दशा कोठवर गेली होती याचे एक गमतीदार उदाहरण नोंदले गेले आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये चार अग्रगण्य व्यापारी शोधयंत्रांना त्यांचेच नाव शोधावयास सांगितले असता, स्वतःचे पान पहिल्या दहा उत्तरांत दाखविणारे यंत्र केवळ एकच निघाले!

ही नोंद करणारे होते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे दोन संशोधक विद्यार्थी, लॅरी पेज व सर्गेई ब्रिन. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी गूगल या आपल्या शोधयंत्राची रचना वर्णिली. पान स्वतःविषयी काय म्हणते, यापेक्षा इतर पाने त्याच्याकडे किती दुव्यांनी बोट दाखवितात, हे त्यांनी मोजावयाचे ठरविले. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. शास्त्रीय लेखांच्या अखेरीस पूर्वीच्या ज्या लेखांचा निर्देश केला जातो, त्या निर्देशांची सूची करावी, असा विचार युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्येच मांडला होता. परंतु नुसते निर्देश मोजून भागण्यासारखे नव्हते. निर्देश कोण करतो, यालाही वजन देणे अगत्याचे होते. या गणितास 'पेजरँक' हे नाव मिळाले. हे नाव पानावरून आले असे अनेकांना वाटते. वस्तुतः ते पेज यांच्या आडनावावरून पडलेले आहे.

या गणिताचे मर्म समजण्यास अवघड नाही. एखाद्या पानाचे वजन शंभर आहे आणि त्यावरून चार दुवे बाहेर जातात असे मानले, तर प्रत्येक दुव्याच्या वाट्यास पंचवीस येतात. त्याच पानाने शंभर दुवे दिले, तर प्रत्येकास एकच मिळतो. म्हणजे सर्वांचीच स्तुती करणाऱ्याची शिफारस हलकी पडते, ती येथेही. आता शिफारस करणाऱ्या पानाचे वजन तरी कसे ठरावे? तर त्याच्याकडे येणाऱ्या दुव्यांवरून! हे चक्रच आहे, असा आक्षेप कोणीही घेईल. तथापि प्रारंभी सर्व पानांना समान वजन देऊन हीच वाटणी पुनःपुन्हा करीत गेल्यास आकडे हळूहळू स्थिरावतात. पेज व ब्रिन यांनी यासाठी एका मनमौजी वाचकाची कल्पना केली. तो एका पानावरून दुसऱ्यावर दुव्यादुव्याने जात राहतो आणि मधूनच कंटाळून भलतेच पान उघडतो. त्यांच्या मांडणीत शंभरांपैकी सुमारे पंचाऐंशी वेळा तो दुवा धरतो, पंधरा वेळा उडी मारतो. हा वाचक एखाद्या पानावर सापडण्याची जितकी शक्यता, तितके त्या पानाचे वजन.

दुवा ज्या शब्दांवर दिलेला असेल, त्या शब्दांनाही यंत्र साक्ष मानते. याचा गैरफायदा घेऊन २००३ मध्ये काही लोकांनी 'घोर अपयश' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या अधिकृत परिचयाचा दुवा ठिकठिकाणी दिला. परिणामी ते शब्द शोधणाऱ्यास अध्यक्षांचा परिचय प्रथम दिसू लागला, जरी त्या पानावर ते शब्द नव्हते! २००७ मध्ये गूगलने आपल्या रीतीत बदल करून हा खेळ थांबविला.

थट्टा तेथे संपली, पण व्यापार थांबला नाही. शिफारशीला मोल आले की ती विकत देणारे मध्यस्थ निघतातच. २०१० च्या नाताळाच्या मोसमात जे. सी. पेनी हे अमेरिकी दुकान कपडे, अंथरुणे, गालिचे अशा कितीतरी साध्या शब्दांना अग्रस्थानी झळकत होते. न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०११ मध्ये या दुकानाकडे येणाऱ्या हजारो दुव्यांचा उगम उघडकीस आणला. कपड्यांशी ज्यांचा अर्थाअर्थी संबंध नाही, अशा कोठल्याकोठल्या स्थळांवर ते पेरलेले होते. आपणास याची कल्पना नव्हती, असे कंपनीने म्हटले व हे काम पाहणाऱ्या सल्लागारांना दूर केले. गूगलने हस्तक्षेप करताच प्रवासी पेट्यांच्या एका शोधात पहिल्या क्रमांकावर असलेले हे दुकान दोन तासांत एकाहत्तराव्या क्रमांकावर जाऊन पडले.

त्यानंतरचे उपाय थोडक्यात सांगता येतील. 'ही शिफारस नव्हे' अशी खूण दुव्यावर करण्याची सोय २००५ पासूनच होती. विकिपीडियावरील बाहेरचे दुवे याच खुणेने अंकित असतात, म्हणून गावाच्या संकेतस्थळाचा दुवा तेथे घुसवून क्रमांक वाढविण्याचा उद्योग व्यर्थ होय. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने कृत्रिम दुव्यांची पारख करणारी 'पेंग्विन' ही योजना लागू केली. दुवे हे आज क्रमवारीच्या अनेक निकषांपैकी एक आहेत, आणि त्यांचा भाव पूर्वीइतका उरलेला नाही.

असे असले, तरी ग्रामपंचायत, शाळा आणि शासकीय कार्यालय यांना हा विषय परका मानून चालणार नाही. शासकीय पत्त्याला शोधयंत्र खास झुकते माप देते, ही समजूत बरोबर नव्हे. मात्र अशा स्थळांकडे वृत्तपत्रे, विद्यापीठे व इतर कार्यालये वर्षानुवर्षे दुवे देत आलेली असतात, आणि त्यामुळे त्यांची पत वाढलेली असते. या पतीवर डोळा ठेवणारे पुष्कळ आहेत. २०२४ मध्ये देशातील अनेक राज्यांच्या शासकीय संकेतस्थळांत सट्ट्याच्या जाहिरातींचे दुवे घुसविल्याचे वृत्त आले. घरमालकास पत्ता नसताना त्याच्या ओसरीवर भलत्यानेच दुकान थाटावे, तसा हा प्रकार.

याहून सहज घडणारे नुकसान म्हणजे पत्त्याचे नूतनीकरण विसरणे. शासनाच्या राखीव नावाखाली नसलेला, खाजगीरीत्या घेतलेला पत्ता मुदत संपल्यावर कोणीही विकत घेऊ शकतो. आणि त्याबरोबर त्या पत्त्याकडे येणारे सर्व जुने दुवेही नव्या मालकाच्या हाती जातात. मार्च २०२४ मध्ये गूगलने या प्रकाराविरुद्ध नियम जाहीर केला. त्यात दिलेल्या उदाहरणांपैकी एक असे आहे की, पूर्वी प्राथमिक शाळेचे असलेल्या स्थळावर जुगाराचा मजकूर यावा. मुख्याध्यापक बदलून गेले, पत्त्याची नोंद त्यांच्याच नावे राहिली आणि स्मरणपत्रे जुन्या पत्त्यावर जात राहिली, एवढ्यानेही हे घडू शकते. संकेतस्थळ नव्या पत्त्यावर नेतानाही जुन्यावरून नव्यावर कायमचे वळण लावून न ठेवल्यास बाहेरून येणारे दुवे रिकाम्या पानावर आदळतात. योजनेचा अर्ज शोधणारा शेतकरी मग दुसऱ्याच कोणाच्या पानावर पोहोचतो आणि तेथे आपला आधार क्रमांक भरून बसतो.

तपासणीस फारसा खर्च येत नाही. शोधाच्या चौकटीत इंग्रजी 'साइट' हा शब्द, त्यापुढे अपूर्णविराम, लगेच आपला पत्ता आणि मग थोडी जागा सोडून जुगाराशी संबंधित एखादा शब्द लिहिला, तर आपल्या नावाखाली तसे पान लपले असल्यास बहुधा उघडे पडते. स्थळाकडे बाहेरून कोण दुवे देतो, याची यादी गूगलच्या 'सर्च कन्सोल' या विनामूल्य सुविधेत पाहावयास मिळते. ही तपासणी महिन्यातून एकदा करावी, आणि पत्त्याच्या नूतनीकरणाची तारीख कार्यालयाच्या नोंदवहीत, व्यक्तीच्या नव्हे तर पदाच्या नावे, लिहून ठेवावी.