दोन ओळींमधली जागा
(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

काही वर्षांपूर्वी माझ्या संगणकावर लेखनाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवली. सवयीने कविता टंकायला घेतली, ओळ संपवून एंटर दाबला, तर पुढची ओळ भलतीच खाली! नव्या आवृत्तीच्या कर्त्यांनी ठरवलं होतं की एंटर म्हणजे परिच्छेद संपला आणि परिच्छेदानंतर मोकळी जागा हवीच. अर्ज-अहवाल लिहिणाऱ्यांना ते सोयीचंच. पण कवितेत मोकळी जागा हा मजकुराचा भाग असतो. मी तशीच कविता एका मासिकाकडे धाडली. छापून आली तेव्हा कडवं कुठे संपलं हे माझं मलाच कळेना.

मग मी सेटिंग शोधायला निघालो. एका खिडकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. तासाभराने थकलो. आधी राग आला की हे बटण समोर का नाही? मग वाटलं, माझ्यासारख्या प्रत्येकाचं बटण समोर मांडलं तर पडद्यावर लिहायला जागा तरी उरेल का?

हा वाद लिनक्सच्या जगात फार जोरात झाला. लिनक्स ही कुणालाही मोफत घेता येणारी, आतून बदलता येणारी संगणकप्रणाली. तिच्यावर पडद्यावरच्या खिडक्या आणि मेनू पुरवणारी दोन मोठी घराणी आहेत : १९९६ साली सुरू झालेलं केडीई आणि १९९७ साली सुरू झालेलं ग्नोम. २००२ साली ग्नोमची दुसरी आवृत्ती आली आणि कितीतरी सेटिंगांवर कात्री चालली. त्या गटातले हॅवक पेनिंग्टन यांनी त्यामागचा विचार त्याच वर्षी लिहून मांडला. प्रत्येक सेटिंगची किंमत मोजावी लागते, असं त्यांचं म्हणणं. यादी लांबली की हवं ते सापडत नाही. तपासणीही अवघड होते. हिशेब करून पाहा : चालू-बंद अशी नुसती १० सेटिंगं असली तरी त्यांच्या १,०२४ जुळण्या होतात. काही सेटिंगं तर बिघाड झाकण्यापुरती असतात. नीट चालत नसेल तर इथे खूण करा म्हणे! अहो, मग आधीच नीट चालवा ना.

मला यातलं बरंचसं पटतं. पुष्कळदा कर्त्यांचंच आपापसात एकमत होत नाही आणि निर्णय आपल्या गळ्यात पडतो.

पण २००५च्या डिसेंबरात खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स ग्नोमवर बरसले. वापरणाऱ्याला मूर्ख समजता आहात, असा त्यांचा रोख होता. त्यांनी लोकांना केडीई वापरायला सांगितलं. गंमत पुढेच आहे. केडीईच्या चौथ्या आवृत्तीला वैतागून आपण ग्नोमकडे वळलो, असं त्यांनीच २००९ साली सांगितलं. आणि २०११ साली ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीला वैतागून ते एक्सएफसीई नावाच्या तिसऱ्याच साध्या घरी राहायला गेले. ग्नोमच्या त्या आवृत्तीत खिडकी मिटून ठेवायचं बटणसुद्धा समोरून गेलं होतं. ते हवं तर ‘ट्वीक टूल’ नावाचा वेगळा प्रोग्राम घ्यावा लागे. म्हणजे बटण फेकलं नव्हतं, माळ्यावर टाकलं होतं. माळ्याला माझी हरकत नाही, पण शिडी शेजाऱ्याकडून का आणावी लागावी?

‘बहुतेकांना लागत नाही’ या हिशेबाची मला धास्ती वाटते. पडद्याचे रंग, खिडक्यांचे काठ ही हौस झाली. ती कमी केली तर बिघडत नाही. पण नजर अधू असलेल्याला मोठं अक्षर लागतं. डावखुऱ्याला माऊसची बटणं उलटी लागतात. मराठी लिहिणाऱ्या एकाला इनस्क्रिप्ट कळपाटी हवी, तर दुसऱ्याला रोमन अक्षरांवरून देवनागरी उमटवणारी. यातला प्रत्येक जण थोड्यांतलाच, आणि त्या सेटिंगवाचून त्याचं काम अडतं. केडीईवाले अलीकडे म्हणतात, सुरुवातीला साधं असावं आणि गरज पडली की सारं हाती यावं. बोलायला सोपं आहे. कोणाची गरज आणि कोणाची हौस, हे ठरवताना मात्र समोर माणूस बसवावा लागतो.

माझं कोडं शेवटी टायपिंग करणाऱ्या एका मित्राने सोडवलं. म्हणाला, ‘‘शिफ्ट दाबून एंटर मारा. ओळ तुटते, परिच्छेद तुटत नाही.’’ सोय तिथेच होती, पडद्यावर कुठे लिहिलेली तेवढी नव्हती. मासिकाच्या संपादकांनी पुढच्या अंकात कविता पुन्हा छापली. या वेळी ओळी सलग होत्या आणि जागा फक्त कडव्यांमध्ये.