टाकीजवळची घार
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सोसायटीच्या इतिहासावर बोलायला सांगितलंय. पण तो आधीच्या वक्त्यांनी सांगितला. मी पाण्याच्या टाकीजवळच्या कडुनिंबावर बोलणार आहे, आणि त्यावरच्या घारीवर.

हे झाड आपण राहायला आलो त्याच वर्षी लावलं. तेव्हा कुंभारीच्या या माळावर सावली अशी नव्हतीच. घारीला घरट्यासाठी उंच जागा लागते आणि भोवती मोकळं दिसावं लागतं. झाड पुरेसं वाढलं आणि ती आली. माणसाच्या वस्तीजवळ ती मुद्दाम राहते. उंदीर, सरडे, मेलेलं काहीबाही आणि रस्त्याकडेला चिकनवाले टाकतात ते, हे सगळं तिचं रेशन. उगाच आपल्याच टाकीपाशी आलेली नाही.

नर आणि मादी दोघं मिळून काटक्यांचं घरटं रचतात. आत चिंध्या, कागद, केस, जे मिळेल ते. जुनं घरटं मोडलं नसेल तर पुढच्या वर्षी त्याचीच डागडुजी करतात. हिवाळ्यात, आपल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास त्यांची धावपळ सुरू होते. अंडी दोन किंवा तीन, मळकट पांढरी, त्यावर तांबूस ठिपके. उबवायला साधारण महिना. बहुतेक वेळ मादी बसते, नर खाणं आणून देतो. पिलं उडायला त्यानंतर आणखी सहा-सात आठवडे. म्हणजे सगळा मामला अडीच महिन्यांचा.

आता मूळ गोष्ट. 2019 साली मी सेक्रेटरी होतो. मार्च महिना. टाकीखालून जाणाऱ्या एका काकांच्या डोक्यावर घारीनं मागून झडप घातली. नखं लागली, रक्त आलं. मग दोन शाळकरी पोरांवर. तक्रारी आल्या, त्या खऱ्याच होत्या. कमिटी बसली आणि फांदी तोडायचं ठरलं. सही माझी आहे, रजिस्टरमध्ये आजही बघता येईल. कायद्यानं घरटं मोडता येत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

फांदी खाली आली तेव्हा मी उभा होतो. दोन पिलं होती, पांढुरक्या लवेची. एक जागीच गेलं. दुसरं आम्ही खोक्यात घालून गच्चीवर ठेवलं, ते दुसऱ्या रात्री गेलं. घरट्यात काय होतं सांगू? विजेच्या वायरचे तुकडे, सोलापुरी टॉवेलची किनार, विडीला बांधतात त्या दोऱ्याचा गुंता, कॅलेंडरचं पान, पांढरी कॅरीबॅग आणि कुणाच्या तरी शाळेचा टाय. सगळं आपल्याच दारातून नेलेलं. शेजारच्या अक्का विड्या वळतात. त्यांनी तो दोरा हातात घेतला आणि म्हणाल्या, "ह्यो माझाच की ओ." पुढं काही बोलल्या नाहीत.

पुढचे आठ दिवस ती जोडी टाकीवर घिरट्या घालत होती आणि झडपा मारणं आधीपेक्षा वाढलं होतं. म्हणजे आपण काय मिळवलं?

मग मी वाचायला लागलो. रिटायर माणसाला दुसरं काय काम. पांढऱ्या कॅरीबॅगेचं मला कोडं पडलं होतं. स्पेनमधल्या दोन्याना राष्ट्रीय उद्यानात शास्त्रज्ञांनी याच जातीच्या घारींचा अभ्यास केला, तो 2011 मध्ये छापून आला. घरट्यावर पांढरं प्लास्टिक मांडतात ते इतर घारींना दिसावं म्हणून. ऐन उमेदीतली, चांगली जागा राखून असलेली जोडी जास्त मांडते. फार तरुण आणि फार म्हाताऱ्या कमी. म्हणजे दारावरची पाटीच म्हणा ना. आपण पाट्या लावतो, त्याही लावतात.

तीन वर्षं झाड रिकामं होतं. मग पुन्हा जोडी आली. तीच का, मला ओळखता येत नाही. यंदा मादी बसलेली आहे, खालून शेपटीची खाच दिसते. आणि सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सातव्या नंबरला पुन्हा फांदीचा विषय आहे.

माझं म्हणणं एवढंच. ती झडप मारते ती मुख्यतः पिलं असताना, आणि बहुतेक वेळा पाठमोऱ्या माणसावर. वर छत्री धरली की डोक्याला धोका नाही. एप्रिलअखेरपर्यंत टाकीखालचा रस्ता बंद ठेवू. पोरांनी मागच्या गेटनं यावं, दोन मिनिटं जास्त लागतात, मी चालून बघितलंय. चिकनचा कचरा उघड्यावर पडू नये म्हणून दुकानदाराशी मी बोललोय, त्यानं झाकणाचा डबा आणलाय.

दहा छत्र्या मी वॉचमनच्या खोलीत ठेवल्यात. काळ्या आहेत, दांड्याला लाल फीत बांधलीय. नेल्या की परत आणून ठेवा.

जय महाराष्ट्र.