मावळांतील जुना मठ
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



मठ म्हटला कीं आपल्या मनांत युरोपांतील संत बेनेडिक्टाचे संन्यासी, त्यांचा प्रायर व प्रार्थनेची घंटा उभीं राहतात. परंतु नवलाख उंबरें ज्या मावळांत वसलें आहे, त्याच मावळांत बेनेडिक्टाच्या कित्येक शतकें आधीं बौद्ध भिक्षूंचे मठ होते. भाजें, बेडसें व कार्लें येथील लेणीं हेच ते मठ होत. आज कार्ल्याविषयींच बोलतों.

तेथील चैत्यगृह, म्हणजे उपासनामंदिर, सुमारें १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद आहे. छत अखंड खडकाचें, त्यास आधार नको. तरी त्याखालीं लांकडी कमानी बसविल्या आहेत, आणि त्या अजून जागेवर आहेत. लांकडी घरांची संवय कारागिरांना सुटली नसावी! जवळच डोंगरांत भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या कोरल्या आहेत.

वैजयंतीच्या भूतपाल शेटीनें हें काम पुरें केल्याचें ओसरींत कोरलें आहे, व जंबुद्वीपांत हें सर्वोत्तम अशी प्रौढीहि तींत आहे. मला मात्र लहान नांवें अधिक भावतात. धेनुकाकटच्या सिंहदत्त नामक गंध्यानें दाराचें दान केलें. वेणुवासाचा पुत्र सामि हा सुतार, त्यानें दार घडविलें. त्याच गांवच्या यवनांनीं खांब दिले.

पण खांबांनीं पोट भरत नाहीं. पावसाळ्यांत भिक्षूंनीं एका जागीं राहावें असा नियम होता. मग अन्न कोठून यावें? दुसऱ्या शतकाच्या आरंभीं नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात यानें वलूरक येथें, म्हणजे कार्ल्यास, वर्षावास करणाऱ्या संन्याशांच्या निर्वाहास करजिक नांवाचा गांव दिला. पुढें क्षत्रपांची सत्ता मोडली. राज्य बदललें कीं जुनीं दानें बहुधा बुडतात. येथें तसें झालें नाहीं. सातवाहन राजानें मामाल येथील अमात्यास आज्ञा धाडून तोच गांव भिक्षूंकडे दिला. हें मामाल म्हणजेच आपला मावळ, असें अभ्यासक मानतात.

करजिकच्या शेतकऱ्यांना कोणी विचारलें होतें काय? शेटीचें नांव शिळेवर आहे, सुताराचेंहि आहे. धान्य पिकविणाऱ्याचें नाहीं.

एकवीरेचें देऊळ त्या चैत्याच्या दाराशींच आहे. तेथें जाल तेव्हां दाराजवळची भिंत न्याहाळा. सामि सुताराच्या लेखाचीं अक्षरें तेथेंच आहेत.