खोकल्याची बाटली
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत आरोग्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी गौरवाचे चार शब्द बोलावेत, असा संकेत आहे. आम्हांस मात्र आज आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. तिचा संबंध क्षयरोगाशी आहे आणि आपल्या या बंगळूर शहराशीही आहे.

एके काळी क्षय म्हटला की आरोग्यधाम, हवापालट आणि दीर्घ विश्रांती हाच उपाय समजला जाई. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नाव कित्येक मराठी घरांत दबल्या आवाजात घेतले जात असे. पण अशी खाट लाभणारे थोडेच. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या केंद्राने हा प्रश्न प्रयोगाने सोडविला. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच वर्षभर औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेल्यांना अन्न निकृष्ट मिळाले होते, विश्रांतीही कमी. तरीही ते जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले आणि त्यांच्या कुटुंबीयांना त्यामुळे अधिक धोका पोहोचला नाही.

उपचार घरी आला. पण रुग्ण शोधावा कसा? त्याच १९५९ साली बंगळुरात राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. खेडूत अज्ञानी असतो, दुखणे अंगावर काढतो, अशी तेव्हा सुशिक्षितांची समजूत होती. संस्थेतील डॉ. बॅनर्जी आणि अँडरसन यांनी शेजारच्या तुमकूर जिल्ह्यात रुग्णांनाच विचारले. बहुतेकांना आपली लक्षणे जाणवत होती. निम्म्याहून अधिक जण तर दवाखान्याची पायरी चढूनही आले होते, आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते! हा अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. संस्थेच्या अशा संशोधनातूनच १९६२ चा राष्ट्रीय कार्यक्रम आकारास आला: दीर्घ खोकल्याचा रुग्ण जवळच्या साध्या दवाखान्यात येतो, तेथेच त्याची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी आणि औषध विनामूल्य द्यावे.

हा इतिहास आम्ही व्याख्यानांतून अनेकदा सांगितला होता. तरीही आपल्या मंडळाच्या साप्ताहिक दवाखान्यात आम्ही काय केले? आपल्या पंगतींचा स्वयंपाक करणारे, बेळगावकडचे एक वयस्क आचारी खोकत आले. आम्ही बाटली दिली. पुन्हा आले; पुन्हा बाटली. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्या खेपेस आपल्या एका भगिनीने, ज्या पूर्वी परिचारिका होत्या, त्यांचा सैल झालेला सदरा पाहिला आणि विचारले, “मामा, खोकला कधीपासूनचा?”

“संक्रांतीपासून, ताई.”

तेव्हा पाडवा होऊन गेला होता. सरकारी रुग्णालयात थुंकी तपासली, जंतू सापडले. घरातील सर्वांची तपासणी झाली आणि धाकट्या नातवाला प्रतिबंधक औषध सुरू करावे लागले. आमच्या तीन बाटल्यांच्या काळात ते मूल त्याच खोलीत झोपत होते.

दोन महिन्यांत मामांना बरे वाटू लागले आणि ते गावी निघाले. हीच वेळ घातक असते. अर्धवट उपचाराने जंतू औषधांना दाद देईनासे होतात. त्या भगिनी स्वतः त्यांच्या घरी गेल्या, समजूत घातली आणि सहा महिने पुरे करवून घेतले. पुढे काही सभासदांनी विचारले, आता यांच्या हातचे कसे खावे? क्षय अन्नातून वा भांड्यांतून पसरत नाही, तो खोकणाऱ्याच्या श्वासावाटे हवेतून पसरतो; आणि योग्य औषधांनी संसर्गाचा धोका झपाट्याने ओसरतो, हे आम्ही परोपरीने सांगितले. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मोदक मामांनीच केले. काही पाने रिकामी राहिली, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे.

आज साधने पुष्कळ सुधारली आहेत. बंगळुरात विकसित झालेले आणि गोव्यात तयार होणारे ‘ट्रूनॅट’ यंत्र काही तासांत जंतू ओळखते. रिफॅम्पिसिन लागू पडेल की नाही, तेही सांगते. नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात. झारखंडात रुग्णांच्या कुटुंबीयांना पुरेसे धान्य दिल्याने त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. तरीही जगातील दर चार क्षयरुग्णांमागे सुमारे एक भारतीय आहे. यंत्र कितीही चांगले असले, तरी रुग्णाला त्याच्यापर्यंत कुणीतरी पाठवावे लागते.

म्हणून आमच्या दवाखान्यात आता एक नियम आहे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक असेल, तर नुसती बाटली नाही. थुंकीतपासणीची चिठ्ठी, आणि सोबत जाणारा एक स्वयंसेवक. आपणांपाशी मागणे इतकेच की, घरी कामाला येणारी बाई, इमारतीचा पहारेकरी, किंवा आपल्याच घरातील खोकणारे माणूस यांना “किती दिवस झाले?” एवढे अवश्य विचारावे. लग्नाच्या मुलीचे दुखणे लपवू नये.