पडदा मागे का राहतो?



नवेगाव खैरीच्या धरणाचे दार उघडले म्हणजे त्याच घटकेला कालव्याच्या टोकावरचे शेत भिजत नाही, ही गोष्ट आमच्या पारशिवनी तालुक्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. वरचा म्हणतो, पाणी सोडले. खालचा म्हणतो, पाट कोरडा आहे. दोघेही खरेच बोलतात. पाहायचे असते ते मधल्या वाटेत. आज ज्या विकाराविषयी मला बोलायचे आहे तो संगणकाचा आहे, पण त्याची जात हीच. कळ दाबली, अक्षर यंत्राने घेतलेही. परंतु पडद्यावर ते दिसेपर्यंत मध्ये खंड पडतो. बाण हलवावा तर तो रांगत येतो. आणि तक्रार बहुधा अशी असते की, काल यंत्र नीट चालत होते, रात्री कार्यप्रणाली 'अपडेट' झाली आणि सकाळपासून हे सुरू झाले.

यात एवढे बोलण्यासारखे काय, असे कोणी विचारील. म्हणून कोणाचे अडते ते आधी सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने संपवला. साहजिकच शाळांतले, कचेऱ्यांतले, सेतू केंद्रांतले कितीतरी संगणक विंडोज ११ वर न्यावे लागले. अशा एखाद्या केंद्रावर बारावीतली मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला येते. चालक तिच्या बँक खात्याचा क्रमांक टाइप करतो. आकडा उमटत नाही, म्हणून तो कळ पुन्हा दाबतो. वास्तविक पहिला आकडा यंत्राने घेतलेला असतो, फक्त दाखवायचा राहिलेला असतो. मागाहून दोन्ही उमटतात. मागे रांग उभी. घाईत ते ध्यानात आले नाही, तर क्रमांक चुकतो आणि ती पोरगी पैशांसाठी हेलपाटे घालत राहते. पडदा मागे राहतो क्षणभर. त्याची भरपाई तिला महिनाभर करावी लागते.

दुसरे नुकसान खिशाचे. "मशीन बुढी झाली जी, आता नवीच घ्या लागते," असा निकाल दुकानात चटकन मिळतो. कधी तो खराही असतो. पण तपासल्यावाचून तो मान्य करणे म्हणजे पाट कोरडा दिसला म्हणून शेत विकणे होय.

तर तपास कसा करावा? प्रथम हे समजून घेऊ की, पडद्यावरचे चित्र सलग नसते. सिनेमाप्रमाणे तेथे एकामागून एक चित्रे येत असतात. साधारण पडद्यावर ती सेकंदाला ६० येतात, म्हणजे एकेका चित्राला सुमारे १७ सहस्रांश सेकंद मिळतात. हा वेग ३० वर आला, तर प्रत्येक चित्र ३३ सहस्रांश सेकंद थांबते आणि बाण अडखळू लागतो. रॉबर्ट मिलर या संशोधकाने १९६८ सालीच असे मांडले होते की, कळ दाबल्यापासून सुमारे सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर दिसले तर माणसाला ते तत्काळ वाटते. त्याहून उशीर झाला की हात आपोआप दुसऱ्यांदा कळेकडे जातो.

आता पहिली कसोटी. 'नोटपॅड' उघडा आणि दोन ओळी टाइप करा. तेथे अक्षरे झरझर उमटली आणि फक्त संकेतस्थळावरच्या अर्जात रेंगाळली, तर दोष पडद्याचा नव्हे. तो इंटरनेटचा, ब्राउझरचा किंवा त्या संकेतस्थळाचा. नोटपॅडमध्येही रेंगाळली, तर दुसरी कसोटी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी किंवा डिस्क शंभर टक्क्यांच्या घरात दिसली, तर यंत्र दुसऱ्या कामात गुंतले आहे. मोठ्या अपडेटनंतर ते फायलींची नवी सूची करण्यासारखी कामे मागच्या मागे उरकत असते. अशा वेळी ते काही तास चालू ठेवावे आणि मग 'रिस्टार्ट' करावे. येथे 'शट डाउन' पुष्कळदा पुरत नाही, कारण लवकर सुरू होता यावे म्हणून त्यात यंत्र आपली थोडी जुनी स्थिती जपून ठेवते.

यंत्र शांत आहे आणि तरी पडदा मागे आहे, असे दिसले म्हणजे खरा संशयित सापडला. त्याचे नाव ड्रायव्हर. हा धरणाच्या दारावरचा माणूस समजा: चित्र तयार करणारा भाग आणि कार्यप्रणाली यांच्यामध्ये बसलेला छोटा प्रोग्रॅम. अपडेट होताना कधी कधी हा माणूस बदलतो. नवा माणूस नियम जाणतो, पण या कालव्याचा उतार जाणत नाही. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स' पाहा. तेथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' असे लिहिले असेल, तर तो बदली कामगार आहे. आपला संगणक ज्या कंपनीचा, तिच्याच संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. 'सगळे ड्रायव्हर फुकट दुरुस्त करतो' म्हणणाऱ्या जाहिरातींच्या वाटेला जाऊ नये. नवा ड्रायव्हरच बिघडलेला वाटला, तर त्याच ठिकाणी 'रोल बॅक ड्रायव्हर' म्हणून जुन्याला परत बोलावण्याची सोय असते. मात्र ते बटण फिकट दिसले, तर जुना तेथे उरलेला नाही असे समजावे. शेवटी 'सेटिंग्ज', 'सिस्टम', 'डिस्प्ले' आणि 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' या वाटेने जाऊन वेग ६० आहे की ३० वर घसरला आहे, तेही पाहावे.

हा दोष फक्त आमच्या खेड्यातल्या जुन्या डब्यांचाच, असे मात्र समजू नका. ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ अपडेटनंतर लाख रुपयांच्या यंत्रांवरही काही खेळ मंदावले. तेव्हा एनव्हिडिया कंपनीने नोव्हेंबरमध्ये ५८१.९४ क्रमांकाचा ड्रायव्हर तातडीने काढला. उपाय होता तो ड्रायव्हरचा. यंत्र कोणी फेकले नाही.

काहीजण चिडून अपडेटच कायमचे बंद करतात. ते बरे नव्हे. ज्या यंत्रावर लोकांचे आधार क्रमांक आणि सातबारे उघडतात, त्याचे कुलूप जुने ठेवून भागणार नाही. फारच बिनसले, तर विंडोज ११ वर गेल्यापासून साधारण १० दिवसांपर्यंत मागे फिरण्याची वाट 'रिकव्हरी'मध्ये उघडी असते. पण आधी आपल्या फायलींची प्रत वेगळी काढून ठेवावी, आणि मागे फिरल्यावरही नव्या प्रणालीचा विचार पुढे करावाच लागेल हे लक्षात असू द्यावे.

इतके करूनही पडदा मागेच राहिला, तर खुशाल नवे यंत्र घ्यावे. जुन्याची चौकशी तरी पुरी झालेली असेल. तोवर केंद्रावर बसणाऱ्या भावांना आणि ताईंना एकच विनंती. आकडा उमटला नाही म्हणून कळ दुसऱ्यांदा दाबू नका. दोन क्षण थांबा, आणि अर्ज पाठवण्यापूर्वी खाते क्रमांक समोरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. याला ना ड्रायव्हर लागतो, ना पैसा.